मातीचा घोडेस्वार पहिल्यांदाच घडवताय? या चुका टाळा

गणपती गेले की ठाण्यातल्या बऱ्याच घरांत शाडूची अर्धी पिशवी उरलेली असते आणि दिवाळीच्या किल्ल्याला अजून महिना-दीड महिना असतो. यंदा सगळे मावळे विकत आणायचे नाहीत, निदान एक घोडेस्वार स्वतःच्या हाताने करायचा, हे ठरतं ते याच दिवसांत. फार चांगली इच्छा आहे ही. पण पहिला घोडा बहुतेकांचा दुसऱ्याच दिवशी पायांत वाकतो, वाळताना तडकतो, आणि त्यातूनही टिकला तर स्वार त्याच्यावर खुर्चीत बसल्यासारखा दिसतो.

तिन्हींचं मूळ एकच आहे. आपण घोड्याच्या तोंडापासून सुरुवात करतो आणि वजनाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. डोळे, नाकपुड्या, आयाळ यांत पहिली संध्याकाळ जाते. घोडा उभा कशावर राहणार आणि स्वार त्याला कुठे धरून बसणार, हे ठरायचंच राहतं.

सांगाड्याशिवाय सुरुवात

थोडा हिशेब करू. खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत २० सेंमी उंच घोडा करायचा आहे. खरा घोडा साधारण १५० सेंमीचा धरला, तर आपला साडेसात पट लहान झाला. खऱ्या घोड्याची गुडघ्याखालची नळी जेमतेम ६ सेंमी जाड असते, म्हणजे आपल्या घोड्यात ती ८ मिमी. आणि घोडा-स्वार मिळून माती भरते दोन किलोच्या आसपास. ओल्या मातीच्या ८ मिमीच्या चार काड्यांवर दोन किलो वजन उभं राहत नाही, माती कितीही छान मळलेली असो. पोळ्याच्या मातीच्या बैलांचे पाय आखूड आणि जाड का करतात, त्याचं उत्तर यातच आहे.

म्हणून आधी तारेचा सांगाडा. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ३ मिमीची ॲल्युमिनिअमची किंवा जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार मिळते. ॲल्युमिनिअम हाताने वळतं, जीआयला पक्कड लागते पण ती जास्त ताठ राहते. कागदावर घोड्याची बाजूची आकृती खऱ्या मापात काढा आणि तार त्या रेषांवर ठेवून वाकवा. पायांच्या तारा ३० बाय २० सेंमीच्या जाड प्लायवूडच्या पाटात भोकं पाडून आरपार न्या आणि खालून मुरडा. प्लायला आधी वॉर्निशचा हात द्या, नाहीतर ते मातीतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः वाकतं.

इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे पोटाखालचा खांब. ८ मिमीच्या सळईचा तुकडा पाटात पक्का बसवून पोटात खुपसा. काम चालू असेपर्यंत वजन त्या खांबाने घ्यायचं, पायांनी नाही. तो बरोबर मधोमध लावला की घोडा पुढे कलतो. उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, मान आणि डोकं पुढे आल्यामुळे. खांब पुढच्या पायांच्या किंचित मागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जिथे आवळतात तिथे हवा. दुसरी गोष्ट, गुळगुळीत तारेवरून माती घसरते. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती बारीक बाइंडिंग तार सगळ्या सांगाड्यावर विरळ गुंडाळा. माती तिला धरून बसते.

आणि स्वाराची तार याच वेळी टाका. घोड्याच्या पाठीच्या तारेतून वर येणारा एक फाटा म्हणजे त्याचा कणा, दोन्ही बाजूंना उतरणारे दोन फाटे म्हणजे पाय. स्वाराचं नंतर बघू म्हणणाऱ्यांचा स्वार कायम उपराच दिसतो.

मापं डोळ्यांवर सोडणं

घोड्याचं डोकं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच लांब असतं, आणि धड आपल्याला वाटतं त्यापेक्षा आखूड. खांद्यापर्यंतची उंची साधारण अडीच डोक्यांएवढी. छातीच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या मांसल भागाच्या) टोकापर्यंतची लांबी जवळपास त्या उंचीइतकीच. म्हणजे मान आणि डोकं सोडलं तर घोडा चौरसात बसतो. आपल्या २० सेंमीच्या घोड्याचं डोकं ८ सेंमी, धड २० सेंमी, आणि पोटाची खालची रेषा जमिनीपासून सुमारे ११ सेंमीवर. ही मापं कागदाच्या पट्टीवर आखून पाटाला चिकटवून ठेवा आणि दर थोड्या वेळाने कंपासने पडताळा.

बाजूनेच बघत राहिलं तर दुसरी फसगत होते. वरून बघा. खांदे अरुंद, पोट फुगीर, पुठ्ठा खांद्यांपेक्षा रुंद, असं दिसायला हवं. पोट सुमारे साडेसात सेंमी रुंद हवं. मान म्हणजे गोल नळी नव्हे. ती दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि खांद्याकडे येताना खूप रुंद होते. डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोर नाहीत. समोर आले की घोड्याचा चेहरा माणसासारखा होतो आणि मग कितीही आयाळ लावली तरी तो सुधारत नाही.

चारही पाय सारखे

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, म्हणून इथे सावकाश चला. घोड्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ हाडांच्या रचनेत आपलं मनगट आहे. मागच्या पायात मागच्या बाजूला जो टोकदार कोपरा दिसतो, ती टाच. मागचा खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीखाली असतो. म्हणजे घोडा चारही पायांनी बोटाच्या टोकावर चालतो. एकदा हे कळलं की मागचा पाय पुढे वाकवायची चूक हातून होत नाही, कारण टाच कुठल्या बाजूला असते हे आपल्याला माहीत आहे.

तपासायला ओळंबा घ्या; दोऱ्याला नट बांधला तरी चालेल. सरळ उभ्या घोड्यात पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापासून दोरा सोडला की तो मागच्या पायाच्या त्या टाचेला टेकतो आणि नळीच्या मागच्या कडेने खाली उतरतो. पुढचा पाय बाजूने बघितला तर खुरावरच्या सांध्यापर्यंत सरळ खांब असतो, तिथून खूर थोडा तिरका पुढे येतो. हा तिरकेपणा गाळला की घोडा लाकडी होतो.

फोटोवरून एवढं शिकता येत नाही. ठाण्याहून लोकलने नेरळ गाठा आणि तिथून टॅक्सीने माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जा. पुढे गाड्यांना बंदी असल्यामुळे घोडे तिथे ओळीने उभे असतात. अर्धा तास नुसतं बघत राहा. थोड्याच वेळात एखादा घोडा मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवेल. त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो, दुसरा वर येतो, पाठीच्या मागच्या भागाची रेषा तिरकी होते. थोड्या वेळाने पाय बदलतो आणि सगळं उलट होतं. हे तिरकेपण मातीत आलं की घोड्यात वजन आलं.

पुतळेही हिंडून बघावेत, आणि तेही चारही बाजूंनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आहे. काळा घोडा म्हणतात तो हाच. १९६५ साली तो फोर्टातून इथे हलवला. गेट वे ऑफ इंडियासमोरचा महाराजांचा पुतळा २६ जानेवारी १९६१ ला बसला. आणि पुण्याला गेलात तर श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचाच १९२८ चा पुतळा चुकवू नका. तो घडवला शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी. मांडव्याजवळ सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, माती हाताळणाऱ्याने एकदा तरी जावं असं.

पहिल्याच प्रयत्नात दोन पायांवर

दोन पायांवर उधळलेला घोडा सगळ्यांनाच हवा असतो. पहिल्यांदा तो करू नका. लिओनार्दो द विंचीनेही मिलानच्या ड्यूकसाठी आधी उधळलेला घोडा योजला होता आणि नंतर चालता घोडा घेतला. त्याची मातीची भव्य प्रतिकृती १४९३ मध्ये तयार झाली, १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी तिच्यावर नेम धरून ती संपवली. खरोखर मागच्या पायांवर तोललेला भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो १६४० च्या सुमारास, माद्रिदमध्ये, शिल्पकार पिएत्रो ताक्काचा. आणि तिथेही शेपटीचा आधार घेतलेला आहे, शिवाय तो कांस्याचा आहे.

चालता घोडा घ्या. चालताना पाय एकामागून एक पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. तीन खूर जमिनीवर आणि पुढचा एक उचललेला, ही ठेवण पाहायलाही सुंदर आणि तोलालाही सोपी. भरधाव घोडा करायचाच असेल तर पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत ठेवू नका. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये काढलेल्या छायाचित्रांनी दाखवून दिलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

उचललेल्या पायांवरून स्वाराला मरण कसं आलं ते कळतं, असे मेसेज दरवर्षी फिरतात. शिल्पकलेत असा नियम नाही. पाय तोल बघून ठेवा.

वर ठेवलेला स्वार

त्याच मापात स्वाराचं डोकं ३ सेंमी, बैठकीपासून डोक्यापर्यंत साडेअकरा सेंमी. पाऊल पोटाच्या रेषेच्या थोडंसंच खाली यावं. दख्खनचे घोडे फार उंच नसत. मराठा स्वार करत असाल तर पाऊल आणखी थोडं खाली आलं तरी चालेल, स्वार घोड्याच्या मानाने मोठा दिसणं तिथे रास्तच आहे.

पण मापापेक्षा मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, महत्त्वाची. स्वार वेगळा करून मग घोड्यावर बसवला तर त्याच्या मांड्या गोल राहतात आणि मध्ये फट दिसते. खऱ्या स्वाराची मांडी घोड्याच्या बरगडीवर आतून चपटी होते, गुडघा खोगिराला लागतो, टाच किंचित खाली जाते. कान, खांदा, कंबर आणि टाच बाजूने बघितल्यावर साधारण एका उभ्या रेषेत येतात. इथेही ओळंबाच कामाला येतो. पाऊल पुढे गेलं की स्वार मागे पडणार असं वाटतं. घोडा आणि स्वार, दोघांची माती एकाच बैठकीत चढवा, थोडी इकडे, थोडी तिकडे. घोड्याची मान वळली तर स्वाराची कंबर तिला उत्तर देते, आणि हे दोघं एकत्र वाढले तरच जमतं.

लगाम डाव्या हातात, उजवा हात हत्यारासाठी मोकळा. तलवार, भाला, लगाम मातीचे करू नका. पत्र्याची पट्टी, तार आणि फेविकॉलमध्ये बुडवलेला सुती दोरा पुरे. कान मात्र मातीचेच, बुडाशी जाड आणि सगळ्यात शेवटी.

घाईने वाळवणं

शाडू वाळताना आक्रसतो, साधारण ५ ते १० टक्के. आतली तार आक्रसत नाही. त्यामुळे पायांवर आडव्या भेगा पडणारच. त्या कमी करणं आपल्या हातात आहे. मातीत बारीक कातरलेला काथ्या किंवा कागदाचा लगदा मिसळा. पंख्याखाली किंवा बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन एकाच बाजूने येतं, ती बाजू आधी ओढली जाते आणि घोडा तिकडे झुकतो. बारीक पाय आधी वाळतात आणि धड ओलंच राहतं, म्हणून पायांना ओलसर फडकं आणि वरून प्लास्टिक गुंडाळा. दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे द्या. भेग दिसली तर लगेच भरू नका. वाळणं थांबलं की मग भरा.

रोज थोडं थोडं, महिनोन्महिने काम करायचं असेल तर न वाळणारी प्लास्टिलिन माती घ्या. आणि भट्टीत भाजायचं असेल तर तार अजिबात नको, आतून पोकळ करा, हवा जायला भोक ठेवा. पोटात ओल राहिली तर तिची वाफ होऊन घोडा भट्टीत फुटतो.

हात बेसिनमध्ये धुऊ नका. बादलीत धुवा, माती तळाला बसू द्या, वरचं पाणी ओता. फ्लॅटचे पाइप शाडूने घट्ट तुंबतात.

मोडलं तर

वाळलेल्या पायाला ओली माती लावून काही उपयोग नाही. ती वाळताना आक्रसते आणि गळून पडते. दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडा, तारेचा तुकडा घाला, फेविकॉलमध्ये वाळक्या शाडूची पूड कालवून सांधा भरा. कानाला टूथपिकचं टोक पुरतं. रंगाच्या आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात द्या, नाहीतर शाडू रंग पितो आणि डाग दिसतात.

किल्ल्यावर अळीव पेरले असतील तर त्यांना रोज पाणी मारलं जातं, आणि न भाजलेली माती पाण्यात विरघळते. घोड्याचा पाट मातीत थेट पुरू नका. खाली फरशीचा तुकडा घाला, तो बाजूच्या मातीपेक्षा बोटभर उंच राहू द्या, आणि पाणी मारताना घोडेस्वार उचलून बाजूला ठेवायला मुलांना सांगा. उचलायचा पाटाला धरून, मानेला धरून नाही.