साबणाच्या फेसातले शेजारी कसे मोजावेत

फोटो फ्रेमच्या दोन काचांमध्ये साबणाचा फेस दाबला की तो चपटा होतो आणि त्याचे कप्पे दिसू लागतात. कुठे पंचकोन, कुठे षटकोन, मधेच एखादा ऐसपैस नऊ बाजूंचा. कांद्याचा पापुद्रा, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, पोलादातले स्फटिककण, डोळ्यातला पेशींचा थर, या सगळ्यांची जडणघडण तपासायची रीत एकच आहे आणि ती शिकायला फेसासारखा गुरू नाही. एक संध्याकाळ, एक रात्र आणि मोबाइलचा कॅमेरा एवढे पुरते.

फेस तयार करा

१५० मिली पाण्यात दोन चहाचे चमचे भांडी घासायचे लिक्विड आणि एक चमचा ग्लिसरीन हळूच ढवळा. बोअरचे जड पाणी टाळा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी सर्वांत चांगले.

सहा बाय आठ इंची फ्रेमच्या दोन काचा घ्या आणि हात कापू नये म्हणून कडांना चिकटपट्टी लावा. काचांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर अंतर हवे. जुन्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, म्हणून त्याचे चार तुकडे एकावर एक चिकटवून चारही कोपऱ्यांत ठेवा. खालची काच ट्रेमध्ये ठेवून तिच्यावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर द्रावण येऊ द्या. मग सुई काढलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने द्रावणाखाली हवा सोडा. या सिरिंजवरची एक बारीक खूण ०.२ मिलीची असते. काही बुडबुडे एका खुणेचे, काही दोन-तीन खुणांचे करा. सगळे सारखे केले तर ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे शिस्तीत बसतात आणि मग रात्रभर फारसे काही घडत नाही. बुडबुडे अंतरापेक्षा लहान असले तरी फसगत होते, कारण ते एकावर एक चढतात. ऐंशी-शंभर झाले की वरची काच एका बाजूने तिरकी टेकवत बसवा, जास्तीचे द्रावण ओतून टाका, कडा पुसून टेपने बंद करा आणि काचा काळ्या कागदावर आडव्या ठेवा. पंखा बंद.

मोजायचे काय

फोटो काढून मोठा करा. जिथे भिंती भेटतात ते बिंदू नीट पाहा. प्रत्येक ठिकाणी तीनच भिंती आहेत. कोकणात तीन रस्ते भेटतात त्या जागेला तिठा म्हणतात, तोच शब्द इथे चपखल बसतो. फेसात चौक टिकत नाही. हा नियम बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी १८७३ च्या ग्रंथात मांडला, तेही दृष्टी गेलेली असताना. तिठ्यावर भिंतींमधला प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो.

आता प्रत्येक कप्प्यात त्याच्या शेजाऱ्यांची संख्या लिहा. कोपरे मोजायचा मोह होईल, तो आवरा. वीटकामाची भिंत आठवा. विटेला समोरून कोपरे चार, पण शेजारी सहा: दोन बाजूंना, दोन वर, दोन खाली. नातेसंबंध आकारात नसतात, शेजारात असतात. म्हणून कोणतीही जाळी वाचताना मी आधी शेजार पाहतो.

चौकटीला टेकलेले कप्पे गणतीत धरू नका, कारण त्यांचे एका बाजूचे शेजारी आपल्याला दिसतच नाहीत. उरलेल्यांची सरासरी काढा. ती सहाच्या आसपास येईल, बहुधा किंचित कमी, कारण मोठे कप्पे चौकटीला जास्त टेकतात आणि गणतीतून गळतात.

सहाच का

गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांचे अठराव्या शतकातले सूत्र सपाट जाळीला लावू: तिठे − भिंती + कप्पे = १. प्रत्येक भिंतीला दोन टोके आणि प्रत्येक तिठ्यावर तीन भिंती, म्हणून तिठे हे भिंतींच्या दोन तृतीयांश. प्रत्येक भिंत दोन कप्प्यांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येक शेजाऱ्यामागे कप्प्याला एक बाजू. आकडे घालून पाहा. कप्पे पुष्कळ असले की दर कप्प्यामागे बाजूंची सरासरी सहाला येऊन टेकते. चेंडूवर उजवीकडे १ ऐवजी २ येतात, म्हणून नेहमीच्या फुटबॉलला २० षटकोनांसोबत १२ पंचकोन लागतातच. तिठे ६०, शिवणी ९०, तुकडे ३२. ताळा करून पाहा.

याचा अर्थ नीट समजून घ्या. सरासरी सहा आली यात फेसाचे कर्तृत्व काही नाही, ते तिठ्यांचे गणित आहे. साबण असो वा पोलाद, सहा येणारच. पदार्थ स्वतःविषयी जे सांगतो ते विखुरणीत, म्हणजे बाजूंचे आकडे सहाच्या आजूबाजूला किती पसरले आहेत त्यात.

विखुरणी काढा

समजा ४० कप्पे मोजले: चार बाजूंचे ४, पाचचे ११, सहाचे १३, सातचे ८, आठचे ३, नऊचा १. बाजूंची बेरीज २३८, सरासरी ५.९५. आता प्रत्येक कप्प्याच्या संख्येतून सहा वजा करून वर्ग करा. बेरीज ५६ येते, तिला ४० ने भागले की १.४. आदर्श पोळ्यासाठी हा आकडा शून्य असतो. पुष्कळ वेळ मुरलेला फेस १.४ च्या जवळपास स्थिरावतो. कागदावर वाटेल तसे ठिपके टाकून ‘जवळचा ठिपका कोणता’ या हिशेबाने हद्दी आखल्या तर सुमारे १.७८ मिळतात.

आणखी एक तक्ता करा. पाच बाजूंच्या कप्प्यांच्या शेजाऱ्यांना सरासरी किती बाजू ते वेगळे लिहा, आठ बाजूंच्यांच्या शेजाऱ्यांचे वेगळे. कमी बाजूंच्या कप्प्याभोवती जास्त बाजूंचे शेजारी गोळा झालेले दिसतील. १९७० मध्ये अबोव्ह या संशोधकांनी हे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या कणांत दाखवले होते.

रात्रभर फोटो काढा

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. दर अर्ध्या तासाने एक फोटो काढा, मोबाइलची जागा हलवू नका.

सरळ भिंतींच्या नियमित पंचकोनाचा आतला कोन १०८ अंशांचा. पण तिठा १२० मागतो, म्हणून पंचकोनाच्या भिंती बाहेर फुगतात. बाहेर फुगणे म्हणजे आत दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणजे हवा पापुद्र्यातून झिरपत शेजाऱ्याकडे जाणार. सप्तकोनाचे उलट: त्याच्या भिंती आत वाकतात आणि तो शेजाऱ्यांची हवा घेत वाढतो. षटकोन जिथल्या तिथे. १९५२ मध्ये सिरिल स्मिथ यांच्या धातुकणांवरील व्याख्यानानंतरच्या चर्चेत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केले की क्षेत्रफळ बदलण्याचा वेग फक्त (बाजू − ६) वर अवलंबून असतो. कप्पा केवढा आहे, कसा वाकडातिकडा आहे, याला महत्त्व नाही. मोजून पडताळा. एका कप्प्याचे क्षेत्रफळ प्रत्येक फोटोत आलेखकागदावर चौकटी मोजून काढा आणि वेळेसमोर मांडा. बाजू बदलत नाहीत तोवर सरळ रेष येते.

बाजू बदलतात त्या दोनच प्रकारे. एखादी भिंत आखडत शून्य होते, क्षणभर चौक तयार होतो आणि लगेच आडव्या दिशेने नवी भिंत उघडते. दोन कप्प्यांची एकेक बाजू जाते, दोघांना एकेक मिळते. दुसरा प्रकार म्हणजे त्रिकोण आकसत नाहीसा होतो, त्याच्या तिन्ही शेजाऱ्यांची एकेक बाजू कमी होते आणि तीन तिठ्यांचा एक होतो. प्रत्येक घटनेनंतर हिशेब जुळवा. एखादा पापुद्राच फुटला असेल तर तिथून पुढची नोंद वेगळी ठेवा.

हीच रीत इतरत्र

कांद्याचा पापुद्रा आयोडीनने रंगवून मोबाइलच्या क्लिप-मायक्रोस्कोपखाली पाहा. पेशी विटांसारख्या लांबट, तरी शेजारी सरासरी सहाच. एफ. टी. लुईस यांनी १९२८ मध्ये काकडीच्या सालीत पाहिले की पेशीच्या बाजू जितक्या जास्त, तितके तिचे सरासरी क्षेत्रफळ सरळ रेषेत वाढते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थराचा फोटो काढला असेल, तर रिपोर्टात दर चौरस मिलिमीटरमधल्या पेशी आणि षटकोनी पेशींची टक्केवारी असते. तिथे मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही, आजूबाजूच्या पसरून भरतात. त्यामुळे षटकोनांची टक्केवारी उतरते, म्हणजे विखुरणी वाढते.

काळ्या जमिनीतल्या भेगांशी जरा जपून. तिथे नवी भेग जुनीला काटकोनात येऊन मिळते. तो तिठाच, पण एका बाजूला भेग सरळ पुढे जाते, म्हणून ढेकळाला कोपरे चारच्या आसपास दिसतात. शेजारी मोजलेत तर पुन्हा सहा. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या टेकडीवरचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे बेसाल्टचे खांबही थंड होताना तडकूनच बनले, पण तडे लाव्ह्यात खोल उतरता उतरता सरकत गेले आणि काटकोन १२० अंशांकडे झुकले. शेतातल्या भेगांचा आणि त्या खांबांचा फोटो शेजारी ठेवून दोन्हींवर कोपरे आणि शेजारी असे दोन आकडे लिहा. खांबांत ते जवळजवळ जुळतील, भेगांत जुळणार नाहीत.