तुटलेला व्हॉल्व्ह नेहमीच गुन्हेगार नसतो: युद्धकाळातील विमान इंजिनांचा तपास करताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या इंजिनांचे अहवाल चाळणारे असोत, जुनी इंजिनं पुन्हा उभी करणारे असोत किंवा प्रोजेक्टसाठी हा विषय घेणारे मेकॅनिकलचे विद्यार्थी, बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. जो भाग तुटलेला दिसला, त्याच्यावर खापर फोडून मोकळे होतात.

तुटलेल्या भागापाशीच थांबणं

बी-२९ बॉम्बरचं राइट आर-३३५० इंजिन घ्या. दोन रांगांत १८ सिलिंडर, ताकद २,२०० अश्वशक्ती. एप्रिल १९४४ मध्ये ही विमानं खरगपूर परिसरातल्या तळांकडे येत असताना कराचीजवळ इंजिनं तापून काही विमानं पडली आणि बाकीची रोखून धरावी लागली. दोष दिसत होता एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत. तेवढंच पाहिलं तर उत्तर सोपं: व्हॉल्व्ह बदला. पण व्हॉल्व्ह कोणत्या सिलिंडरचे, हे विचारलं की चित्र पालटतं. त्रास मागच्या रांगेत जास्त होता, कारण पुढच्या रांगेवरून तापून आलेली हवाच तिच्या वाट्याला यायची. वरच्या सिलिंडरना तेल पुरेसं मिळत नव्हतं. त्यात हे इंजिन जमिनीवरच्या ४६ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णतेसाठी बनवलेलंच नव्हतं. म्हणूनच उपायही व्हॉल्व्हच्या बाहेर सापडले: हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे वळवणारे बॅफल, वरच्या सिलिंडरसाठी तेलाच्या जादा नळ्या, प्रोपेलरच्या पात्यांच्या बुडाशी इंजिनाकडे जास्त हवा ढकलणारे कफ, काउल फ्लॅपमध्ये (इंजिनाच्या आवरणावरच्या, गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांमध्ये) बदल.

पुरावा धुऊन टाकणं

तुटलेला भाग हातात आला की डिझेलने धुवायची आणि दोन तुकडे जुळवून बघायची घाई होते. कृपा करून हे करू नका. भाग हळूहळू, फटीगने (म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने) तुटला असेल तर तुटलेल्या तोंडावर ओहोटीचं पाणी वाळूत सोडून जातं तशा बारीक वळ्या दिसतात, आणि त्या जिथे एकवटतात तिथून तडा सुरू झालेला असतो. तुकडे एकमेकांवर घासले की त्या पुसल्या जातात. आधी फोटो, मग तेलाच्या फिल्टरमधला चुरा वेगळा काढणं, आणि सफाई सगळ्यात शेवटी.

फक्त परत आलेली इंजिनं मोजणं

वर्कशॉपमध्ये येतात ती तग धरून राहिलेली इंजिनं. ज्यांचा घात झाला ती समुद्राच्या तळाशी. कोलंबिया विद्यापीठात युद्धकाळात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी गोळ्या लागलेल्या विमानांबाबत नेमका हाच विचार मांडला होता. टक्केवारी काढण्यापूर्वी, न परतलेल्यांचा हिशेब कुठे आहे, ते पाहा.

डिझाइनला शिव्या देणं

हॉकर टायफून या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या नेपियर सेबर इंजिनाला आजही ‘मुळातच फसलेलं’ म्हणतात. मला हा अन्याय वाटतो. सुरुवातीची इंजिनं निष्णात कारागिरांनी हाताने जुळवली होती. गडबड झाली ती घाऊक उत्पादनात. स्लीव्ह (सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या, व्हॉल्व्हचं काम करणाऱ्या नळ्या) वाकायच्या, सिलिंडर जाम व्हायचे. काही इंजिनांत तर मशीनिंगचा कीस आत राहिलेला असायचा. तोडगा निघाला तो ब्रिस्टल कंपनीच्या टॉरस इंजिनाच्या स्लीव्हमधून. त्यांचा बोअरही (आतला व्यास) सेबरइतकाच, पाच इंचांचा, आणि त्या नायट्राइड केलेल्या, म्हणजे नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेल्या पोलादाच्या होत्या. तशा स्लीव्ह घाऊक बनवण्यासाठी अमेरिकेहून ग्राइंडिंग मशीन आणावी लागली.