फुलपाखरं हवीत? आधी गोडलिंब लावा

फुलपाखरांसाठी बाग म्हटली की लोक रोपवाटिकेतून फुलझाडंच आणतात. पण फुलांवर ती नुसती रस प्यायला येतात. राहतात ती अंडी घालायला झाड मिळालं तर. आपल्या नागपुरात हे फार सोपं आहे. अंगणातला गोडलिंब (म्हणजे कढीपत्ता), लिंबू, नाहीतर संत्र्याचं एखादं झाड पुरे. कुंपणाजवळ रुई आपोआप उगवली असेल तर उपटू नका, तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखरू वाढतं. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं.

आता गोडलिंबाची कोवळी पानं उलटून पाहा. टाचणीच्या डोक्याएवढं फिकट पिवळं अंडं दिसेल. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका, ती अळी आहे! मोठी झाली की हिरवीगार होते, आणि हलकेच बोट लावलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पानं कुरतडलेली दिसली म्हणून कृपया फवारणी करू नका. फोडणीपुरती पानं उरतातच.

रसासाठी झेंडू, एक्झोरा, पेंटास उन्हात लावा. लागवड पहिल्या दमदार पावसानंतर. एप्रिल-मेच्या होरपळीत कुंड्यांवर हिरवी जाळी हवीच. कूलरचं पाणी गळतं तिथली माती ओलीच राहू द्या, फुलपाखरं तिच्यातले क्षार शोषायला उतरतात.