बारा बोअरचा दस्ता मापात आणताना या चुका टाळा

बारा बोअर शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, पुढे माशी (नेम धरायचा मणी) असते, पण मागे नेमाची खाच नसते. ते काम तुमचा डोळा करतो आणि डोळा कुठे येणार हे दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, ठरवतो. म्हणूनच छर्रे चुकले की लांबीला दोष देऊन करवत उचलणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. बऱ्याचदा दोष उंचीत असतो.

कोपराच्या बेचक्यात दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का, हे माप फसवं. त्यात मान, छाती, गाल यांचा हिशोबच नसतो. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा आणि नेहमीच्या जाकिटातच ती खांद्याला लावा. अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. अंगठा नाकावर आपटत असेल तर दस्ता आखूड आहे. वर आणताना काखेत अडकत असेल तर लांब.

कापायचंच ठरलं तर पॅडची, म्हणजे दस्त्याच्या मागच्या तोंडाला बसणाऱ्या गादीची, जाडी आधी वजा करा. चापापासून 370 मिमी लाकूड आहे, पॅडसकट 360 हवं आणि पॅड 25 मिमीचं आहे, तर लाकूड 335 उरायला हवं. म्हणजे 35 मिमी कापायचं. तरी पहिला काप 30 वरच थांबवा. दस्ता बंदुकीतून सोडवा, मास्किंग टेप गुंडाळा, सुरीने रेघ कोरून घ्या आणि मगच बारीक दाताची करवत चालवा. रेघ कोरली नाही, तर करवत बाहेर पडते त्या बाजूचे टवके उडतात. मागच्या तोंडाचा मूळ तिरकेपणा, म्हणजे पिच, आधी कागदावर उतरवून ठेवा. खालचं टोक लांब राहिलं की ते छातीत रुततं आणि धक्क्याने दस्ता काखेकडे घसरतो.

गालाखालची कड, म्हणजे कॉम्ब, थेट तासू नका. छर्रे खाली जात असतील तर कडेवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टेपने चिकटवून 16 यार्डांवरच्या निशाणाच्या पाटीवर झाडून पाहा, कड 1.5 मिमी वर-खाली झाली की छर्रे सुमारे 2.5 सेंमी सरकतात. छर्रे वर जात असतील, तरच लाकूड काढा: एका वेळी 1 मिमी, पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. गाल दुखतो म्हणजे कड उंचच असं नाही. टाचेकडे, म्हणजे दस्त्याच्या मागच्या तोंडाच्या वरच्या टोकाकडे, उतार जास्त असला तर दस्ता धक्क्याने वर उसळतो आणि गालाच्या हाडाला लागतो.

छर्रे डावीकडे-उजवीकडे जात असतील तर प्रश्न बाजूच्या वाकाचा, म्हणजे कास्टचा. मुठीजवळ गरम तेल देऊन दस्ता वाकवतात, पण तिथे रेषे आडवे गेले असतील तर तो चिरतो. हे काम घरी नकोच, परवानाधारक कारागिराकडे द्या. शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आणि पॅड बसवण्याआधी कापलेल्या तोंडाला जवसाच्या तेलाचे किंवा वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या. हे हमखास राहून जातं. उघडे रेषे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवा ओढून घेतात. लाकूड फुगतं आणि पॅडच्या कडेपाशी पायरी दिसू लागते.