भाडेकरार संपत आलाय? दोन महिने आधीपासून करायची तयारी

जुना करार बाहेर काढा, कामाला सुरुवात तिथून. पुणे-मुंबईकडे आपण ज्याला सरसकट ‘रेंट ॲग्रीमेंट’ म्हणतो, तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार असतो. त्यातल्या तीन गोष्टी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका: करार संपण्याची तारीख, नोटीस किती दिवसांची आणि लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) असेल तर ते कधी संपलं किंवा संपतंय. नोटीस सहसा एक महिन्याची असते, म्हणून हालचाल दोन महिने आधी सुरू झालेली बरी. बोलणी फिसकटलीच तर दुसरं घर बघायला हाताशी वेळ लागतो. मे-जूनमध्ये करार संपत असेल तर आणखी थोडं आधी लागा, कारण शाळा-कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर घरांना मागणी वाढते आणि भाडं कमी करायला कुणी तयार नसतं.

‘काका ओळखीचे आहेत, राहू देतील, करार नंतर बघू’ असं म्हणून बरेच जण मुदत उलटून जाऊ देतात. हे करू नका. लिव्ह अँड लायसन्स आपोआप पुढे सरकत नाही. रिन्यू करायचं म्हणजे नवा करार करून त्याची नव्याने नोंदणी करायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. चांगले संबंध असताना हे कुणी काढत नाही. पण घर विकायचं ठरलं, किंवा मालकांच्या मुलाला तिथे राहायला यायचं झालं, की कागद बघितला जातो.

मालकांशी बोलण्याआधी स्वतःचा आकडा ठरवा. आपल्याच सोसायटीत तेवढ्याच मोठ्या फ्लॅटला सध्या काय भाडं आहे, हे वॉचमन आणि शेजारचे भाडेकरू सांगतात तेवढं खरं कुणी सांगत नाही. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, ठरलेला नसतो. वाढ दर वर्षी पाच ते दहा टक्के मागतात. जुन्या करारात टक्का लिहिलेला असेल तर बोलणं तिथूनच सुरू होईल. आपली बाजू काय, हेही मनाशी धरून ठेवा: भाडं वेळेवर गेलंय, घर नीट ठेवलंय, शेजाऱ्यांची तक्रार नाही. घर महिनाभर रिकामं पडलं तर मालकांचं जे भाडं बुडतं, ते बहुतेक वेळा वर्षभरात वाढवून मागितलेल्या रकमेच्या जवळपास किंवा त्याहून जास्त भरतं. भाडं वीस हजार असेल तर दहा टक्के वाढीने अकरा महिन्यांत बावीस हजार जास्त मिळतात, आणि एका रिकाम्या महिन्यात वीस हजार जातात, वर नव्या भाडेकरूसाठी रंगकाम आणि दलालीही आलीच.

पहिला निरोप लेखी पाठवा, व्हॉट्सॲपवर चालेल. ‘नमस्कार काका, आपला करार ३१ जुलैला संपतोय. आम्हाला इथेच राहायची इच्छा आहे. भाडं आणि बाकीच्या गोष्टी ठरवायला या रविवारी फोन करू का?’ एवढं पुरे. फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी त्याच चॅटवर चार ओळींत टाका आणि ‘बरोबर ना काका?’ असं विचारून त्यांचं ‘हो’ मिळवा. यात अविश्वास काही नाही. पुढे एजंट मसुदा करेल तेव्हा दोघांनाही तेच उपयोगी पडतं.

दुरुस्तीचा विषयही याच बोलण्यात काढायचा, सही झाल्यावर नाही. घरभर एकदा फिरून यादी करा: बाथरूमच्या भिंतीतली ओल, स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ठिबकणारा पाइप, खिडकीचं न सरकणारं शटर, गिझरचा जुना स्विच. प्रत्येकाचा फोटो काढा आणि कोणतं काम कोण करणार ते ठरवून घ्या. ओल बाहेरून येत असेल तर ते काम सोसायटीचं असतं आणि तिथे अर्ज मालकांनाच द्यावा लागतो, हे त्यांना सांगा. वीज मीटरच्या रीडिंगचा आणि महावितरणच्या शेवटच्या भरलेल्या बिलाचा फोटोही घेऊन ठेवा.

आता नोंदणीचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे’ हे वाक्य अजूनही एजंट सर्रास ऐकवतात. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ आहे आणि त्यानुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकांवर आहे. न केल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणी नसेल तर ज्या अटींवर घर घेतलं त्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. मालक टाळाटाळ करत असतील तर हे शांतपणे सांगा. नोंदणी त्यांच्याही हिताची आहे. खर्च कोणी द्यायचा हे मात्र आपसात ठरतं. निम्मा-निम्मा ही पद्धत मला रास्त वाटते.

खर्च तसा फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि व्याज ५,५००. बेरीज २,२५,५००, त्यावर शुल्क साधारण ५६४ रुपये. शिवाय शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचा आकार आणि एजंटचे पैसे वेगळे. एजंटकडून या सगळ्याचा हिशेब वेगवेगळा मागा, ‘सगळं मिळून इतके’ असं ऐकून घेऊ नका. नोंदणी फी मुदतीप्रमाणे वाढत नाही. म्हणून मालकांशी पटत असेल आणि घर आवडलं असेल तर थेट ३३ महिन्यांचा करार करून दर अकरा महिन्यांची वाढ त्यातच लिहून टाका. वारंवार बोलणी नकोत आणि दर वर्षी नोंदणीसाठी थंब (अंगठ्याचा ठसा) द्यायला माणसं गोळा करायला नकोत. याच दराने साठ महिन्यांपर्यंत करता येतो.

मसुदा हातात आला की तो नीट वाचायला एक पूर्ण संध्याकाळ ठेवा. डिपॉझिटचा परिच्छेद आधी वाचा. तयार नमुन्यात बहुतेक वेळा ‘डिपॉझिट आज दिले’ असं असतं. तुम्ही ते पहिल्या कराराच्या वेळी दिलेलं असतं, तर कधी, किती आणि कसं दिलं ते तसंच लिहून घ्या, आणि तीच रक्कम या करारात पुढे धरली आहे असंही. त्यातली काही रक्कम रोख गेली असेल तर तिचा उल्लेख आता तरी कागदावर येऊ द्या. घर मधल्या काळात विकलं गेलं असेल किंवा मूळ मालक वारले असतील, तर नवा मालक कोण हे मालमत्ता कराच्या पावतीवरून किंवा सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, खरेदीच्या नोंदणीचा उतारा) वरून बघा आणि डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारल्याचं वाक्य घालायला लावा.

त्यानंतर लॉक-इन. वर्ष-दोन वर्षं एकमेकांना ओळखल्यावर नवीन लॉक-इनची गरज काय, असं मी विचारेन. बरेच मालक ऐकतात. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. भाडेकरूला दोन महिने आणि मालकांना पंधरा दिवस असं कुठे दिसलं तर बदलून घ्या. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापण्याचं कलम असेल तर त्यावर बोला. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या अंगावर येणार नाही, हे वाक्य असायला हवं. मेंटेनन्स कोण भरणार ते स्पष्ट हवं, आणि पुण्यातल्या उंड्री-वाघोलीसारख्या टँकरवर चालणाऱ्या भागात राहत असाल तर उन्हाळ्यातल्या टँकरचा जादा खर्च कोणाचा, हेही. घरातल्या सामानाची यादी जोडा: पंखे किती, ट्यूब किती, गिझर, कपाटं, एसी असेल तर तो. नव्या कराराची सुरुवात जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरा, मध्ये खंड नको. एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) आणि पत्त्याच्या पुराव्याला तो खंड आडवा येतो.

थंबच्या दिवसासाठी दोघांचं आधार आणि पॅन लागतं. दोन्हीवरचं नाव सारखं आहे का, ते आदल्या आठवड्यातच बघा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर थंबच्या आधी उघडा, नाहीतर एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि मशीन मांडून बसतो आणि अंगठा काही केल्या जुळत नाही. वयस्कर काका-काकूंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांना कोमट पाण्याने हात धुऊन नीट कोरडे करायला सांगा, उजव्या अंगठ्यावर होत नसेल तर दुसरं बोट लावून बघा, आणि घाई करू नका. मालक दुसऱ्या शहरात असतील तर तिथे थंब घेता येईल का, हे एजंटला आधी विचारून घ्या. परदेशातल्या मालकांच्या वतीने कुणी सही करणार असेल तर त्यांचं कुलमुखत्यारपत्र बघून त्याची प्रत ठेवा.

मालक परदेशात स्थायिक असतील तर आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अनिवासी मालकांना भाडं देताना टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते, मग भाडं कितीही कमी असो. दरही मोठा, ३० टक्के आणि वर सेस. हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसतं, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालक भारतातच असतील आणि भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के टीडीएस कापायचा असतो. एचआरए घेणाऱ्यांनी वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर मालकांचा पॅन करारातच येऊ द्यावा.

अर्ज ऑनलाइन गेल्यावर दुय्यम निबंधक तो तपासतात, त्रुटी असेल तर परत पाठवतात. म्हणून ‘थंब झाला’ म्हणजे नोंदणी झाली असं धरू नका. दस्त क्रमांक असलेली पूर्ण पीडीएफ एजंटकडून घ्या, नुसती पावती चालत नाही. नावांचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि तारखा लगेच तपासा.

पोलिसांकडची भाडेकरूची माहिती मालकांनी भरायची असते. ती भरली का विचारा आणि पोचीची प्रत घ्या. मुलाला आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर) शाळेत घालायचं असेल तर तिथे नोंदणीकृत करारच मागतात आणि तो अर्जाच्या आधीचा लागतो, तेव्हा त्या वर्षी रिन्यूअल लांबवू नका. सोसायटीच्या ऑफिसात कराराची प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. तिथे कुणी बिनवहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नाहीत म्हणून सोसायटी लावते ते) तुमच्याकडे मागितलं, तर ते सभासदाने म्हणजे मालकांनी भरायचं असतं आणि सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मागणी लेखी मागा आणि मालकांना पाठवून द्या.