पोटाच्या तपासण्या, कोल्हापूरकरांसाठी

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडं लगेच "मूळव्याध असंल, तिखट कमी कर" म्हणून विषय संपवत्यात. असं करू नका, विशेषतः वय ४५ च्या पुढं असंल, वजन उतरत असंल किंवा हिमोग्लोबिन कमी आलं असंल तर. आधी फॅमिली डॉक्टर, नाहीतर सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) केस पेपर काढून दाखवा, मग गरज पडली तर गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्ट, म्हणजे पोटविकार तज्ज्ञ. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि स्टूल टेस्ट (शौचाची तपासणी) पहिल्यांदा होतात. कॅलप्रोटेक्टिन ही पण शौचाचीच टेस्ट, आतड्याला सूज आहे का नुसतं आयबीएस (सूज नसताना पोट बिघडत राहणं) ह्याचा अंदाज येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निवांत होऊ नका, मोठं आतडं आतून त्यात नीट दिसत नाही, त्याला कोलोनोस्कोपीच, म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं.

कोलोनोस्कोपीत खरा त्रास आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा, ते लिटरभर, कधी जास्त पाणी संपवताना जीव नको होतो, थंड करून प्या जरा बरं जातं. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, पालेभाज्या बंद, आणि तांबडा रस्सा तर नकोच, लाल रंगाचं सरबतसुद्धा नको, आत रक्तासारखं दिसतं. रक्त पातळ करायच्या, शुगरच्या, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, मनानं बंद करू नका. भूल देत्यात म्हणून सोबत कोणतरी न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. बायोप्सी (तपासायला आतला बारीक तुकडा) घेतली तर रिपोर्टला काही दिवस लागतात.