घटस्फोटाचा खर्च: सीमाभागात हिशोब कसा मांडायचा

घटस्फोटाच्या अर्जाची कोर्ट फी किरकोळ असते. खर्च फुगतो तो दोन गोष्टींनी: खटला कुठल्या गावच्या कोर्टात चालतो आणि एकाच भांडणाचे किती खटले होतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सांगलीपर्यंत जातात. त्यामुळे पहिला प्रश्न आपल्याकडे मोठा ठरतो. वकिलाची फी विचारण्याआधी या दोन्हींची उत्तरे कागदावर लिहून काढा.

इथली माहिती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे आहे. जैन, लिंगायत, बौद्ध आणि शीख जोडप्यांनाही तोच लागू होतो. मुस्लिम, ख्रिश्चन आणि विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह केलेल्यांचे कायदे वेगळे आहेत.

कोर्ट कुठले?

लग्न जिथे लागले, दोघे शेवटी एकत्र जिथे राहिले किंवा समोरचा माणूस आज जिथे राहतो, तिथे अर्ज करता येतो. बायकोला ती सध्या राहते तिथेही करता येतो. म्हणजे सून माहेरी कोल्हापूरला गेली असेल तर तिथे अर्ज टाकू शकते आणि नवऱ्याला बेळगावहून तारखेला जावे लागते. अशा फेऱ्यांचा हिशोब आधीच करा. एका माणसाचा प्रवास, जेवण आणि बुडालेला रोज मिळून १,५०० रुपये धरले, सोबत भाऊ किंवा वडील आले आणि वर्षात १० तारखा पडल्या, तर ३०,००० रुपये होतात. तीन वर्षांत ९०,०००. यात वकिलाचा एक रुपयाही नाही.

खटला आपल्या बाजूला आणायचा तर मार्ग महाग आहे. बेळगावचा खटला धारवाडला हलवायचा असेल तर उच्च न्यायालय पुरते. पण कोल्हापूरहून बेळगावला, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्यात आणायचा असेल तर अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. तिथे सहसा बायकोच्या सोयीकडे जास्त पाहिले जाते, त्यामुळे नवऱ्याने हा पैसा घालण्याआधी दोनदा विचार करावा. बायकोला तिथेही मोफत वकील मिळू शकतो.

कागद आणि भाषा

बेळगावच्या कोर्टात काम कन्नड किंवा इंग्रजीत चालते. लग्नपत्रिका, महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा विवाहाचा दाखला, मराठीतली पत्रे, व्हॉट्सॲपवरचे संदेश यांचे भाषांतर लागते आणि त्याचे पैसे बहुधा पानामागे जातात. शंभर पाने करून घेऊ नका. पुराव्यात दाखल होणारी कुठली, हे वकिलाकडून ठरवून तेवढीच करा. मोबाईलवरच्या संदेशांसोबत २०२३ च्या साक्ष अधिनियमातील कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नसल्याने पुरावा अडतो आणि एक तारीख वाया जाते.

नोटीस परत आली की खर्च पुन्हा सुरू होतो. समोरचा सापडतच नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि जाहिरातीचे बिल तुमच्या माथी. म्हणून अर्जात माहेरचा, सासरचा आणि कामाचा असे सगळे पत्ते घाला.

वकिलाशी बोलताना

फी एकरकमी की प्रत्येक तारखेला, हे आधी ठरवा. तारखेवर फी असेल तर लांबणाऱ्या खटल्यात तोटा तुमचाच. त्यापेक्षा टप्पे बांधा: अर्ज दाखल होताना, समोरची कैफियत आल्यावर, पुरावा सुरू होताना आणि निकालाला. टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर, अंतरिम पोटगीचा अर्ज आणि अपील यांपैकी काय फीत आहे आणि काय नाही, हे लिहून घ्या आणि प्रत्येक पैशाची पावती मागा. पोटगीच्या रकमेत टक्का मागणे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कोणी मागितलाच तर उठून या.

बाईचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषांनाही ही सोय आहे. शिवाय ज्याच्याकडे स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही, मग तो नवरा असो वा बायको, त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली खटल्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी समोरच्याकडून मागता येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. हा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

संमतीचा घटस्फोट स्वस्त, पण अटी नीट लिहा

कलम १३-ब साठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे यायचे. तडजोड पक्की असेल तर हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका. काही भाग पहिल्या अर्जाला द्या आणि मोठा भाग शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने कोर्टापुढे द्या. रोख रकमेचा पुरावा राहत नाही.

रक्कम किती, याचे कायद्यात ठरावीक सूत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यावे लागते. त्यामुळे पगारपत्रक, आयकर विवरण, बँकेचे उतारे आणि शेतीची पहाणी (कर्नाटकातला सात-बारासारखा उतारा) आधीच गोळा करा. एकरकमी की दरमहा, याचा साधा हिशोब असा: दरमहा १०,००० म्हणजे वर्षाला १,२०,०००. सात टक्के व्याजाने तेवढे उत्पन्न यायला सुमारे १७ लाख ठेवावे लागतात, महागाई न धरता. दरमहाची रक्कम घेणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरतात, एकरकमीवर साधारणपणे आयकर लागत नाही. लष्करातल्या जवानाच्या बायकोला पगारातूनच पोटगी कापून मिळावी म्हणून लष्कराकडेही अर्ज करता येतो.

‘मुलांचा पुढे काही हक्क नाही’ असे कलम टिकत नाही. मुलांचा वडिलोपार्जित जमिनीतला वाटा आई सोडून देऊ शकत नाही.

तडजोडीत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फौजदारी खटला. ४९८-अ (बायकोचा सासरी छळ) किंवा नव्या भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ चा गुन्हा नोंदलेला असेल तर दोघांनी मिळूनही तो खालच्या कोर्टात मिटवता येत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. बेळगावचा गुन्हा असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे, कोल्हापूरचा असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे. ही वेगळी फी आहे. ती कोण भरणार, हे करारात आले पाहिजे.

घर दोघांच्या नावावर असेल तर एकाचा हिस्सा दुसऱ्याकडे हुकूमनाम्याआधी फिरवता येईल का, ते पाहा. पती-पत्नीतल्या दानपत्राला कर्नाटकात मुद्रांक शुल्काची सवलत आहे आणि निकालानंतर ते नातेच राहत नाही. गृहकर्ज मात्र बँकेच्या संमतीशिवाय एकाच्या नावावर होत नाही. कोर्टाने काहीही लिहिले तरी हप्ता चुकला की बँक दोघांना धरते.

पंचांसमोर बाँडवर लिहिलेली सोडचिठ्ठी ही या भागातली जुनी सवय. जातीची तशी रूढी कोर्टात सिद्ध केल्याशिवाय तिच्याने लग्न मोडत नाही आणि दुसरे लग्न केले की गुन्हा होतो.

निकालाच्या दोन-तीन सही-शिक्क्याच्या नकला लगेच काढून ठेवा. विमा, पीएफ आणि बँकेतले वारस बदलायला, तसेच रेशनकार्डाला त्या लागतात. वादातला निकाल असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत, धोका नको म्हणून पूर्ण ९० दिवस, दुसरे लग्न ठरवू नका.